चौथा शेक

बोरकुटे म्हणतो, हात असा ठेवा, पालथा,
जसा पंगतीत पत्रावळीवर धरतात
वाढणाऱ्याला पुरे म्हणताना.
मी ठेवते. जमेल तेवढा.
बोटं सगळी एका अंगाला कललेली,
मारबत निघाली की गोळीबार चौकात
माणसं सरकतात तशी.

मग जांभळ्या शाईनं तो चौकोन आखतो,
मनगटापासून बोटांच्या मुळांपर्यंत.
"पुसू नका. सहा शेक होईस्तोवर साबण नाही."
रेघ सरळ नाही त्याची.
बत्तीस वर्षं करवतकाठी विणली मी,
एक दात चुकला तर सासरा
वीतभर काठ उसवायला लावी.
पण बोरकुटेला काय सांगू,
दाराबाहेर बाकावर अजून तेवीसजण आहेत.

आम्ही याला शेकच म्हणतो.
घरचा शेक विटेचा, रुईच्या पानाचा,
तव्यावरच्या वाळूच्या पुरचुंडीचा,
फडकं करपल्याचा वास दोन दिवस हाताला.
याला वास नाही. ऊबही नाही.
जाड दार लोटून सगळे निघून जातात,
तांबडा दिवा लागतो, काहीतरी गुणगुणतं,
आणि बाहेर सेहेचाळीस डिग्रीत
डांबर चपलेला चिकटत असताना
मी इथे एसीत काकडत
शेक घेते.

डॉक्टर मोघे आडपडदा ठेवत नाहीत.
म्हणाले, गोळ्या थकल्या, तुमचं पोट थकलं,
हा उपाय जुना आहे, सगळे देत नाहीत.
गुण येईलच असं नाही.
पुढं वीस-पंचवीस वर्षांनी शरीर काय मागेल
तेही कोणी लिहून देणार नाही.
"तुम्ही चाळिशीच्या असता तर मी दिला नसता."
म्हातारपणाचा फायदा
मला पहिल्यांदाच कोणी सांगितला.

बाकावर विचारतात, "तुमचा कुठचा?"
उमरेडच्या गुरुजींचा जबड्याचा,
ते पाटीवर लिहून बोलतात, शुद्धलेखन न चुकता.
सौंसरच्या सुगंधाबाईचा घशाचा.
मी म्हणते, "मले तो नाही. मले आमवात."
मग बाक जरा गप्प होतो.
रागानं नाही. पण मलाच
दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसल्यासारखं वाटतं.
सुगंधाबाई घोगऱ्या आवाजात म्हणते,
"बरं आहे बाप्पा, तुमची गाठ दिसते तरी,"
आणि माझ्या पेरावरून बोट फिरवते,
न दाबता.

सूत तुटलं तर सांधायचं असतं.
दोन बोटं ओली, एक पीळ, अंगठ्याचा दाब,
माग नीट थंडही होत नाही तोवर.
गाठ मारायची नाही. गाठ फणीत अडते.
हे मी दोन सुनांना शिकवलं;
एक आता बुटीबोरीत कंपनीत जाते,
दुसरी म्हणते, आई, माग विकून टाका.
आणि माझ्याच सांध्यांत कोण गाठी मारून गेलं,
रोज पहाटे अख्खा हात फणीत अडतो
तो दहा वाजेपर्यंत.

चौथ्या शेकानंतरच्या गुरुवारी, साडेआठला,
मी कूलरचं बटण दाबलं. मधल्या बोटानं.
कूलर बंद झाला.
नातू घामानं उठला, "काहून बंद केला व माय?"
मी चालू केला. पुन्हा बंद केला.
पुन्हा चालू.
बाकीची बोटं होती तशीच, कललेली.

शनिवारी सुगंधाबाईनं मूठ उघडली.
गळ्यातला काळा दोरा, शेकासाठी काढलेला,
काढताना तुटलेला.
"मनगटाले बांधून देता का?"
मी बोटं ओली केली, पीळ दिला,
सटकला. पुन्हा. पुन्हा सटकला.
गुरुजी पाटी बाजूला ठेवून बघत राहिले.
शेवटी दाताखाली एक टोक धरलं
आणि मारली.
गाठच मारली, चांगली जाड.
सासरा असता तर उसवायला लावली असती.

"सोनकुसरे गिरजाबाई," आतून बोरकुटे,
"चला. हात."